रबरी पट्टीखालचं खोबरेल

पत्रक मी आधीच लिहून टाकलं होतं. मथळा होता, ‘सत्याच्या डोळ्यावर ठेकेदाराचा हात!’ खाली तीन परिच्छेद, प्रत्येकात दोन-दोन उद्गारचिन्हं. ठेकेदाराच्या मुकादमाने आमचा कॅमेरा मोडला, कारण त्याला शेतात शिरणारं खाडीचं पाणी लपवायचं होतं, असा एकूण मजकूर. बोर्ली पंचतनच्या झेरॉक्सवाल्याकडे तो संध्याकाळीच पोचवला होता. सकाळी दोनशे प्रती घ्यायच्या होत्या.

ते पत्रक वाटलं गेलं असतं तर आम्ही तिथेच हरलो असतो. आज आठवलं की हसू येतं.

आधी लढाई कसली ते सांगतो. दिघीच्या खाडीचा एक फाटा आमच्या वाडीपर्यंत आत येतो. गावाची उंचावरची, गोड्या पाण्याची शेतं वरच्या आळीकडे. आणि खाडीला चिकटलेली, भरतीच्या पातळीहून खाली असलेली खार शेती आमच्या वाडीकडे. ही वाटणी कोणी केली, असं विचारलं की वरच्या आळीतले लोक आभाळाकडे बघायला लागतात. असो. त्या शेतांना खारं पाणी लागू नये म्हणून मातीचा लांब बांध आहे. त्या बांधाला दोन पावसाळ्यांपूर्वी खांड पडली, म्हणजे बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. मोठ्या भरतीला समुद्र त्यातून सरळ भातात. एकदा मीठ बसलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे धड गवतसुद्धा येत नाही. मग दुरुस्तीचा ठेका निघाला. पोकलेन आला, आठवडाभर घरघरला, गेला. खांडीच्या तोंडावर मातीचा पडदा ओढला होता, तो पहिल्याच उधाणाला विरघळला. बोर्ड मात्र सिमेंटात पक्का रोवला होता. बोर्डावर लिहिलं होतं, ‘काम पूर्ण’.

आम्ही तक्रार केली. सुनावणीला मोबाइलवरचे फोटो नेले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “यात मला नुसता चिखल दिसतोय. जागा कुठली? बोर्ड कुठे दिसतोय?”

बोर्ड दिसत नव्हता. बांधाकडे जायच्या वाटेवर ठेकेदाराने लोखंडी फाटक बसवलं होतं, आणि स्मशानाच्या टेकडीवरून मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे लादीवर सांडलेला चहा. साहेबांनी एक शेवटची तारीख दिली. त्या तारखेआधी अमावास्येचं एकच उधाण येत होतं. थंडीच्या दिवसांत रात्रीची भरती मोठी असते, पण अंधारात पाण्याचा फोटो कोण काढणार? दिवसाची भरती दुपारी पाऊणच्या सुमाराला. त्या तासाभरात बोर्डावरची अक्षरं आणि त्याच्या शेजारून शेतात घुसणारं पाणी, दोन्ही एकाच फोटोत यायला हवं होतं. नाही आलं तर सरकारी कागदावर आमची शेतं कायमची कोरडी.

त्यासाठी माझ्याकडे लांबचं जवळ आणणारी लेन्स होती. मुंबईतल्या एका मित्राने वापरून सोडलेली, कॅमेऱ्यासकट. उधाणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी अंदाज घ्यायला म्हणून फाटकापर्यंत गेलो. मुकादम धावत आला. पलीकडच्याच गावचा माणूस, ओळखीचा. त्याने लेन्सवर पंजा ठेवला.

“फोटो न्हाय काढायचा. मला सांगून ठेवलंय.”

“कोणी सांगितलंय? लेखी दाखव!”

“लेखी तुमच्यासारख्यांकडं असतं. माझ्याकडं नोकरी हाय.”

मी हिसका देऊन कॅमेरा सोडवला आणि तणतणत टेकडी चढलो. वर जाऊन झूमची कडी फिरवली तर ती अडली. जोर लावला. आत ‘कट्’ असा बारीक आवाज झाला, आणि त्यानंतर कडी नुसतीच गरगर फिरायला लागली. लेन्स जागची हलेना.

त्याचा हात लेन्सवर होता. लेन्स मोडली. निष्कर्ष काढायला मला यापेक्षा जास्त काही लागत नाही. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बैठक झाली तेव्हा मी उभा राहून सांगितलं, मुकादमाने कॅमेरा फोडला. सगळे पेटले. पत्रक काढायचं ठरलं. माझे वडील कोपऱ्यात बसले होते. घरी येताना त्यांनी एवढंच विचारलं, “तू बघितलंस त्याला फोडताना?”

“त्याचा हात होता लेन्सवर!”

“मी ते न्हाय विचारलं.”

दुरुस्तीच्या दुकानांना फोन केले होते. पनवेलचा म्हणाला, पाठवून द्या, दहा दिवसांनी बघू. आमच्याकडे दहा दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊण वाजता समुद्र येणार होता.

म्हणून सकाळी साडेसहाला मी ओटीवर वर्तमानपत्र पसरून बसलो, बाजूला मोबाइल. कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला होता. तो काय बोलतोय ते निम्मं कळत नव्हतं, पण त्याचे हात दिसत होते. झूमच्या कडीवरची रबरी पट्टी त्याने नखाने उचलली आणि मोजा काढावा तशी उलटी करून सोलली. खाली तीन बारीक स्क्रू होते. आधी हेच बघायचं, एवढं मला समजलं.

माझी वहिनी तोवर उठून अंगणात पाणी मारून आली होती. भाऊ तळोज्याला कंपनीत असतो, आठवड्याने घरी येतो. वहिनी इथेच राहते आणि वाडीतल्या बायकांची ब्लाउजं शिवते. तिचं शिलाई मशीन ओटीवर माझ्या शेजारीच. ती लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीला होतो, आणि त्या वर्षापासून ती मला अहोजाहो करते. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे अजून मला कळलेलं नाही.

“भावजी, सकाळी सकाळी कोणाचं पोस्टमार्टम?”

“मुकादमाने केलेल्या खुनाचं.”

“बरं. मग प्रेत जरा उजेडात घ्या, दिसंल तरी.”

मी रबरी पट्टी सोलली. आणि थांबलो. खाली, कडीच्या सगळ्या खोबणीत, पांढरं काहीतरी बसलं होतं. मेणासारखं. त्यात वाळूचे कण रुतलेले. माझ्या डोक्यात पुढचा मथळाच तयार झाला. मुकादमाने आत काहीतरी कोंबलं!

वहिनीने वाकून बोट लावलं, बोटांत चोळलं, नाकाला लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

“हे डोक्याला लावायचं तेल हाय.”

आणि मला आठवलं.

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने सगळं धरतं, म्हणजे गंजून अडतं. कुलूप, बिजागरी, सायकलची चेन, छत्रीची कळ. आणि जे जे धरतं त्याला आम्ही खोबरेल घालतो. विचार करून नाही, हात आपोआप बाटलीकडे जातो. साताठ दिवसांपूर्वी किनाऱ्यावर फोटो काढून आल्यावर कडी करकरत होती. दुपारची वेळ होती, ऊन तापलेलं. मी बाटलीच्या टोपणातून चार-पाच थेंब रबराच्या कडेने आत सोडले. कडी लोण्यासारखी फिरायला लागली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की मी ते मित्राला फोन करूनही सांगितलं होतं. मग थंडी पडली. सकाळी बाटलीतलं खोबरेल काडीने कोरून काढावं लागतं, अशी थंडी. लेन्समधलं तरी दुसरं काय होणार? वाळूसकट घट्ट झालं, कडी अडली, आणि मी बैलासारखा जोर लावला.

“वैनी,” मी म्हणालो, “खोबरेल मी घातलं.”

“ते मला कळलं हो. मुकादम काय घरातनं बाटली घेऊन फिरतो?” आणि मग ती खाली बसून हसायलाच लागली. “माझं लगीन झालं त्या थंडीत तुमच्या आईनं माझ्या मशीनला खोबरेल घातलं. मायेनं. चाक असं बसलं की श्रीवर्धनहून मेकॅनिक आणायला लागला. तेव्हा नवी नवरी, सासूला काय बोलणार? आज तुम्ही बरे सापडलात.”

आतून आईचा आवाज आला, “मला सगळं ऐकू येतंय हां! आमच्या माहेरी घालायचे मशीनला!”

“तिकडं मशीन चालायचं काय, ते विचारा,” वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली.

मी मात्र हसत नव्हतो. पत्रक! आठ वाजता झेरॉक्सवाला दुकान उघडतो, आणि आमची दोन पोरं प्रती घ्यायला पहिल्याच गाडीने गेली होती. ती तिथूनच वाटायला सुरुवात करणार होती. मी फोन लावला. उचलेना. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला.

“काका, ते पत्रक...”

“अरे बाबा, ओरडू नको. तुझी पोरं माझ्या डोक्यावर बसलीत. लाईट न्हाय पहाटेपासून. मी काय तोंडानं छापू?”

मी आयुष्यभर वीज जाण्याविरुद्ध लिहीत आलोय. त्या सकाळी मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि वीज घालवणाऱ्या त्या अज्ञात फॉल्टला मनातल्या मनात हात जोडले. “छापू नका,” मी म्हणालो. “फाडून टाका. पोरांना सांगा, परत या.”

“फाडतो. चांगलं लिहिलं व्हतंस पण.”

तेवढ्यात अंगणात ऊन उतरायला लागलं होतं. मी लेन्स उचलली आणि उन्हात ठेवायला निघालो. तेल वितळेल, मग पुसता येईल. वहिनीने मनगट धरलं.

“थांबा! पातळ झालं की आत पळंल. काचेवर गेलं तर मग बसा बोंबलत. गोठलंय तवरच काढायचं.”

तिचं बरोबर होतं. तेल गोठलं म्हणून लेन्स अडली होती, आणि गोठलं म्हणूनच ते रबराखाली थांबलं होतं, काचेपर्यंत पोचलं नव्हतं. आम्ही सगळा पसारा उचलून मागच्या पडवीत नेला. तिथे दहापर्यंत गारवा असतो. तिने ब्लाउजच्या अस्तराची मऊ चिंधी काडीला गुंडाळून दिली. मी खोबणीतून तेल कोरत गेलो, ती प्रत्येक वेळी नवी चिंधी देत गेली. जुन्या चिंध्यांचा ढीग झाला, आणि त्याला देवळातल्या नारळाचा वास.

मग स्क्रू. बाबांचा चष्मा आवळायचा स्क्रूड्रायव्हर बरोबर बसला. दोन निघाले. तिसऱ्याची खाच घासली गेली आणि स्क्रूड्रायव्हर नुसता फिरायला लागला. मी शिवी दिली. वहिनीने परकरात घालायला ठेवलेल्या इलॅस्टिकचा बारीक तुकडा कापला, स्क्रूच्या डोक्यावर ठेवला, त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबला आणि हळूच फिरवला. निघाला.

“हे कुठे शिकलीस?”

“मशीनच्या पट्टीच्या स्क्रूची खाच अशीच झिजते. तुमची भाषणं चालू असतात तेव्हा मी काम करत असते.”

प्रत्येक स्क्रूभोवती प्लास्टिकचं एक बुश असतं, म्हणजे बारीकशी नळी, तांदळाच्या दाण्याएवढी. कडी फिरवली की ही तीन बुशं आतल्या खाचांतून सरकतात आणि लेन्स पुढे येते. त्यातलं एक उभं चिरून दोन तुकडे झालं होतं. ते दोन तुकडे मी तळहातावर घेतले. एवढ्याशा वस्तूने बाकीचं सगळं अडवून ठेवलं होतं. आणि ते मी मोडलं होतं. ठेकेदाराने नाही, व्यवस्थेने नाही, मी.

आता एवढी नळी आणायची कुठून? वहिनीने डब्यातले मणी, इअरबडची काडी असं सगळं लावून बघितलं. मणी जाड, काडी मऊ. बाबा दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “याच्या पिशवीत रिफिली असतात की. दिवसाला एक संपवतो.”

दिवसाला एक ही अतिशयोक्ती आहे. पण माझ्या पिशवीच्या तळाशी संपलेल्या सहा रिफिली निघाल्या, आणि त्यातल्या एकीची जाडी त्या बुशाला जवळजवळ तंतोतंत होती. मी कात्रीने कापली तर टोक चपटं झालं. वहिनीने ती पाटावर ठेवली, वर ब्लेड धरलं, आणि बोटाने रिफिल पुढे-मागे लोळवत लोळवत कापली. गोल, सरळ तुकडा. पहिला लांब झाला, स्क्रू खाली बसेना. दुसरा आखूड, कडी डुगडुगायला लागली. तिने जुन्या बुशाच्या उंचीएवढा दोरा तोडला, त्याच्या मापाने तिसरा कापला आणि कडा नख घासायच्या पट्टीवर घासल्या. आतली शाई पुसून काढली तरी निळी झाक राहिलीच.

बसला. तिन्ही स्क्रू आवळले, पट्टी चढवली. मी कडीवर बोटं ठेवली, पण फिरवायचं धाडस होईना.

“फिरवा की. न्हायतर मी फिरवते.”

मी फिरवली. लेन्स सरकत बाहेर आली, मागे गेली, परत आली. थोडी जड, पण सरळ. कॅमेऱ्याला लावून मी समोरच्या माडावर रोखली. शहाळ्यावर बसलेली खार एकदम माझ्या नाकासमोर आली. आम्ही तिघांनीही एकदमच श्वास सोडला. आईने आतून विचारलं, “चालला का?” आणि वहिनीने सांगितलं, “चालला! आता तेलाची बाटली लपवा!”

साडेअकराला मी टेकडीवर होतो. बाबा बरोबर आले. पाणी चढायला लागलं. आधी तिवरांची मुळं गेली, मग चिखल गेला. बारा-वीसला खांडीतून पहिली जीभ आत आली आणि बघता बघता शेताच्या बांधावरून बांधावर पसरली. मी कडी पुढे नेली. ‘काम पूर्ण’. काना, रफार, सगळं स्पष्ट. आणि बोर्डाच्या हातभर पलीकडे करडं पाणी धडधडत आमच्या भातखाचरांत.

फोटो काढता काढता मला खांडीत माणूस दिसला. मुकादम. पँट मांडीपर्यंत दुमडलेली, खांद्यावर मातीची गोणी. ती तो खांडीत टाकायचा, पाणी ती ओढून न्यायचं, तो परत वर जाऊन दुसरी आणायचा. कोणी त्याला हे करायला सांगितलं होतं, की त्याचं त्यालाच बघवत नव्हतं, मला माहीत नाही. बाबांनी कॅमेरा मागून घेतला आणि डोळा लावून बराच वेळ बघितलं.

“हा एकटा काय बुजवणार?” ते म्हणाले.

मी तो पाठमोरा होईपर्यंत थांबलो आणि उरलेले फोटो तेव्हा काढले.

त्या संध्याकाळी मी परत विहाराच्या ओट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं, मुकादमाने कॅमेरा मोडलेला नाही, मी मोडला, खोबरेल घालून. मग असा हशा उठला की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. दोन-तीन दिवस पोरं मला बघून केसांवरून हात फिरवत होती. चालायचंच.

सुनावणीत फोटो टेबलावर ठेवला. ठेकेदाराचा माणूस उठला. त्याच्या कानावर बैठकीतला माझा आरोप गेला होता, नंतरची कबुली नव्हती.

“साहेब, हे लोक सगळीकडे सांगतात, आमच्या मुकादमाने ह्यांचा कॅमेरा फोडला. मग फुटलेल्या कॅमेऱ्यातून हा फोटो आला कसा? एक तर ते खोटं, नाही तर फोटो खोटा.”

पत्रक छापलं असतं तर त्या दिवशी त्याच्या हातात ते असतं, खाली माझ्या नावासकट, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

“ते माझं खोटं होतं,” मी म्हणालो. “लेन्स मी बिघडवली. त्यात खोबरेल घातलं होतं, ते थंडीत गोठलं. मी वाडीत सगळ्यांसमोर सांगितलंय. वहिनीने रिफिलीचा तुकडा घालून दुरुस्त केली. हवी तर उघडून बघा.”

साहेबांनी लेन्स हातात घेतली. उघडली नाही, नाकाला लावली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं, हे कळायला मला जरा वेळ लागला. “आमच्या घरी कपाटाच्या कुलपाला घालायचे,” ते म्हणाले. मग फोटो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बोर्डावरची अक्षरं मोठ्याने वाचली. “काम पूर्ण.” ठेकेदाराच्या माणसाकडे बघून म्हणाले, “पुढच्या उधाणाला मी स्वतः येतो. दुपारची भरती किती वाजता?”

वेळ बाबांनी सांगितली. इतकी वर्षं ते हेच पाठ करत आलेत.

साहेब आले. फाटकावर तोच मुकादम होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानेच विचारलं, “तुझ्या फोटोत मी पन हाय काय?”

“पाठ आहे. तोंड नाही.”

“बरं झालं.” तो फाटकाची कडी काढायला वळला. ती गंजलेली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. “हिला तेल घालायला पायजे.”

“खोबरेल नको,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. गोष्ट त्याच्यापर्यंतही पोचली होती, हे उघडच होतं. तो हसला आणि फाटक सताड उघडलं. साहेब बूट काढून, हातात धरून, बोर्डाकडे निघाले. तिथे पोचायच्या आतच पाणी त्यांच्या घोट्यांवर आलं होतं.